सहा वर्षांत सात क्लब : मुलगा टिकत नाही, की त्याचा पेशाच असा आहे?

वाचकाचे पत्र

मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात जॉबर आहे. माझा मुलगा चोवीस वर्षांचा असून तो व्यावसायिक फुटबॉल खेळतो आणि त्याची जागा आघाडीच्या फळीत, स्ट्रायकरची आहे. सोळाव्या वर्षी तो पुण्याच्या निवासी अकादमीत गेला आणि अठराव्या वर्षापासून त्याला खेळाचे पैसे मिळू लागले. त्यानंतरच्या सहा वर्षांत त्याचे सात क्लब झाले. पुण्याच्या क्लबाने वर्षभरातच संघ बंद केला. मग मुंबई, तेथून गोवा. गोव्याच्या क्लबाने त्याला लोनवर कोलकात्याला धाडले आणि तो परत आला तेव्हा करार वाढवला नाही. पुढे गोव्यातल्याच दुसऱ्या क्लबात तो बरा खेळत असताना जास्त पैशांसाठी दिल्लीला गेला. तेथे बहुतेक वेळ राखीव खेळाडूंत बसला आणि चार महिन्यांचा पगारही बुडाला. गेल्या हंगामात केरळमध्ये त्याने नऊ गोल केले. आता शिलाँगचा एक क्लब एका हंगामाचा करार देतो आहे. त्याच वेळी रेल्वेच्या क्रीडा कोट्यातील भरतीची जाहिरात निघाली आहे आणि पुढच्या वर्षी मुलगा वयोमर्यादेबाहेर जाईल. माझ्या वडिलांनी एकाच गिरणीत एकतीस वर्षे काढली. गिरणी बंद पडली तेव्हाच ते थांबले. नातेवाईक मला विचारतात की तुमचा मुलगा एका जागी टिकत का नाही? याच कारणावरून दोन स्थळे मागे फिरली. मी त्याला काय सांगावे?

— एक वडील, सोलापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात ‘टिकत नाही’ हा शब्द तीन वेळा आला होता. जागेअभावी येथे तो एकदाच ठेवला आहे. आपल्या मनाला तोच अधिक लागला आहे असे मला वाटते, म्हणून शिलाँग आणि रेल्वे यांच्याकडे वळण्यापूर्वी त्याविषयी बोलतो. आपण मुलाच्या सातही ठिकाणांची हकिगत इतकी नेमकी लिहिली आहे की उत्तराचा मोठा भाग त्या हकिगतीतच सापडतो.

ती यादी पुन्हा वाचून पाहावी. पुण्याचा संघ बंद झाला, तो आपल्या मुलाने बंद केलेला नाही. मुंबईहून गोव्याला जाणे ही बढती होती. कोलकात्याला तो लोनवर गेला, म्हणजे करार गोव्याच्याच क्लबाशी राहिला आणि ठरावीक मुदतीसाठी त्याला दुसरीकडे खेळायला पाठवले गेले. त्याला क्लब सोडणे म्हणता येत नाही. परत आल्यावर करार वाढवायचा नाही हे क्लबाने ठरवले. दिल्लीतून तो बाहेर पडला, कारण केलेल्या कामाचा मोबदला मिळत नव्हता. म्हणजे या सहा वर्षांत निव्वळ स्वतःच्या मर्जीने घेतलेले निर्णय दोनच, गोव्याला जाणे आणि दिल्लीला जाणे, आणि त्यांतला दुसरा चुकला. चोवीस वर्षांच्या मुलाने सहा वर्षांत एक निर्णय चुकवला, एवढाच या हिशेबाचा निष्कर्ष निघतो. ज्या नातेवाइकांनी आपल्याला प्रश्न विचारला, त्यांनी फक्त ठिकाणे मोजली. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याची कारणे त्यांनी विचारली नाहीत.

आता त्याच्या पेशाविषयी. गोलरक्षक किंवा बचावपटू वर्षानुवर्षे एका संघात राहिलेला दिसतो, त्यामानाने आघाडीचा खेळाडू अधिक वेळा जागा बदलतो, आणि त्याचे कारण स्वभावात नसून कामाच्या स्वरूपात आहे. बचावपटूने सामन्यात दहा वेळा धोका टाळला तरी त्याची नोंद गुणफलकावर होत नाही. स्ट्रायकरने गोल केला नाही, तर ते शेवटच्या बाकावरच्या प्रेक्षकालाही कळते. त्याची किंमत दर आठवड्याला आकड्यात मोजली जाते. चार गोल जास्त झाले तर मोठा क्लब बोलावतो, चार कमी झाले तर आहे तो क्लब करार वाढवत नाही. त्यातच प्रशिक्षक बदलला की खेळण्याची पद्धत बदलते. एखाद्या प्रशिक्षकाला उंच चेंडू डोक्याने खाली उतरवून देणारा धिप्पाड खेळाडू हवा असतो, तर दुसऱ्याला बचावफळीच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत धावणारा चपळ. काल ज्याच्याभोवती संघ उभा होता, तो आज कोणताही अपराध न करता राखीव खेळाडूंत बसतो.

भारतात याला आणखी एक कारण जोडले जाते. आपल्याकडच्या क्लबांना मोजके परदेशी खेळाडू घेता येतात. इंडियन सुपर लीगमध्ये अलीकडच्या हंगामांत संघात सहा परदेशी खेळाडू आणि त्यांपैकी एका वेळी मैदानावर चार, असा नियम राहिला आहे. या चारांतली एक जागा बहुतेक संघ स्ट्रायकरला देतात, कारण गोल विकत घेता येतात असा त्यांचा समज असतो. भारतीय स्ट्रायकरने मग एक तर कडेला, विंगवर खेळायचे किंवा शेवटच्या वीस मिनिटांची वाट पाहायची. ज्या देशाला गोल करणाऱ्यांची इतकी वानवा आहे, त्या देशात गोल करण्याची जागाच तरुण मुलांना मिळू नये, याची मला मनापासून खंत वाटते. नियमित खेळायला मिळावे म्हणून मुलगा गाव बदलत असेल, तर तो आपल्या पेशाशी प्रामाणिक आहे असे मी म्हणेन.

निकोला अनेल्का हे नाव मुलाला नक्की ठाऊक असेल, आणि त्याची कारकीर्द आपणही जाणून घ्यावी असे मला वाटते, कारण तिच्यात आपल्या शंकेच्या दोन्ही बाजू आहेत. १९७९ साली फ्रान्समध्ये जन्मलेला हा स्ट्रायकर पॅरिस सेंट-जर्मेनमधून १९९७ मध्ये, अठरा वर्षेही पूर्ण झाली नसताना, लंडनच्या आर्सेनलमध्ये आला. तेथे पुढच्याच हंगामात त्याच्या संघाने इंग्लंडमधील लीग आणि एफए कप या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि कपच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. सुमारे पाच लाख पौंडांत आणलेल्या या मुलाला आर्सेनलने १९९९ मध्ये सव्वादोन कोटी पौंडांच्या आसपास रियल माद्रिदला विकले. माद्रिदला त्याचे पटले नाही. तो सरावाला गेला नाही म्हणून क्लबाने त्याला निलंबित केले. आणि तोच मुलगा परत संघात आल्यावर चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकविरुद्ध दोन्ही सामन्यांत गोल करून गेला. माद्रिदने ती स्पर्धा २००० साली जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात तो पुन्हा पॅरिसला परतला. पुढे लिव्हरपूलला लोनवर गेला, पण लिव्हरपूलने त्याला कायम केले नाही. २००२ मध्ये तो मँचेस्टर सिटीत आला तेव्हा त्याचे वय तेवीस होते आणि सिटी हा त्याचा पाचवा क्लब होता. आपल्या मुलाचे वय आणि त्याची यादी अनेल्काच्या या यादीशेजारी ठेवून पाहावी.

त्यानंतर तुर्कस्तानातील फेनरबाखे, मग इंग्लंडमधला बोल्टनसारखा मध्यम क्लब. जगातील सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकाची जर्सी एकदा घातलेल्या खेळाडूला तेथे जाणे किती जड गेले असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. पण बोल्टनमध्ये तो नियमित खेळला, त्याने गोल केले, आणि त्याच बळावर जानेवारी २००८ मध्ये चेल्सीने त्याला घेतले. चार महिन्यांनी मॉस्कोत चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना पेनल्टींवर गेला, अनेल्काची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली आणि चेल्सीने चषक गमावला. एवढा घाव बसल्यावर कुणाही खेळाडूने क्लब सोडला असता तर कोणी नवल केले नसते. तो मात्र राहिला, आणि २००८-०९ च्या हंगामात १९ गोल करून इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. चेल्सीत तो चार वर्षे राहिला. ज्याला सगळे चंचल म्हणत होते, त्याला योग्य जागा अठ्ठाविसाव्या वर्षी मिळाली आणि मिळाल्यावर तो तेथे रुजला. त्याच्या कारकिर्दीतली दुसरी बाजूही मी झाकणार नाही. वीस वर्षांचा असताना घाईने आर्सेनल सोडणे त्याला महाग पडले, आणि २०१० च्या विश्वचषकात प्रशिक्षकाशी झालेल्या वादामुळे फ्रान्सने त्याला स्पर्धेच्या मधूनच घरी पाठवले. गाव बदलल्याने नुकसान झाले नसेल तेवढे भांडणांनी झाले, असे मला वाटते.

शांघाय, युव्हेंटस आणि वेस्ट ब्रॉमविच करून हाच अनेल्का २०१४ साली मुंबई सिटी एफसीत आला आणि नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने एका रात्रीच्या अंतरावर. बारा क्लब आणि सात देश पाहून झालेला हा माणूस पुढच्या वर्षी त्याच संघाचा खेळाडू-प्रशिक्षक झाला, आणि त्या संघात तेव्हा भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्री होता.

छेत्रीला आज लोक बेंगळुरूचा म्हणून ओळखतात, पण त्याची सुरुवातीची यादी आपल्या नातेवाइकांना वाचून दाखवावी. दिल्लीच्या सिटी क्लबातून तो २००२ साली मोहन बागानमध्ये गेला. त्यानंतर पंजाबचा जेसीटी, कोलकात्याचा ईस्ट बंगाल, गोव्याचा डेम्पो, २०१० मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी विझार्ड्स, परत येऊन चिराग युनायटेड, पुन्हा मोहन बागान, २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा दुसरा संघ, आणि मग लोनवर गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. मध्यंतरी इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी त्याचा करार ठरला होता, पण जागतिक क्रमवारीत भारत पहिल्या सत्तर देशांत नसल्याने ब्रिटिश सरकारने त्याला काम करण्याचा परवाना नाकारला. २०१३ मध्ये तो बेंगळुरू एफसीत आला तेव्हा त्याला एकोणतिसावे वर्ष सरत होते. मुंबई सिटीकडून खेळला तो काळ सोडला, तर तेथून पुढे तो त्या क्लबाचाच झाला. जून २०२४ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती घेतली तेव्हा त्याच्या नावावर भारतासाठी १५१ सामन्यांत ९४ गोल होते. नंतर मार्च २०२५ मध्ये तो पुन्हा भारतासाठी मैदानात उतरला आणि त्याने आणखी एक गोल केला. एका क्लबावरच्या निष्ठेचा आज जो माणूस नमुना मानला जातो, तोही तिशीच्या उंबरठ्यापर्यंत हिंडतच होता.

उरुग्वेच्या सेबास्टियन अब्रेऊची गोष्ट याहून टोकाची आहे. सर्वाधिक क्लबांकडून व्यावसायिक फुटबॉल खेळल्याबद्दल त्याचे नाव गिनीज बुकात गेले. विक्रम नोंदवला गेला तेव्हा ती संख्या २६ होती आणि नंतरही ती वाढत गेली. पण २०१० च्या विश्वचषकात घानाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना पेनल्टींवर गेला, तेव्हा निर्णायक पेनल्टी त्याच्यावर सोपवली गेली आणि त्याने चेंडू अलगद गोलच्या मधोमध उचलून टाकला. इतके क्लब बदललेल्या माणसावर अख्ख्या देशाने त्या क्षणी विश्वास टाकला होता. तरी आपल्या मुलाने अब्रेऊचा मार्ग धरावा असे मी सुचवणार नाही. इतक्या बदलांना जो स्वभाव लागतो, तो फार थोड्यांकडे असतो.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर कोल्हापूरचा अनिकेत जाधव आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून आघाडीला खेळला, आणि त्यानंतर इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद असा त्याचा प्रवास झाला. कोल्हापुरात पेठेची तालीम आणि तिचा संघ हे खेळाडूचे माहेरच असते. शाहू स्टेडियमवरची ती निष्ठा पाहण्यासारखी आहे. तरीही त्या गावच्या मुलाला पोटासाठी खेळायचे म्हटल्यावर गाव सोडावेच लागले. सोलापुरात तर तालमींचे तसे पाठबळ फुटबॉलला नाही. आपला मुलगा गड्ड्याची जत्रा उठल्यावर होम मैदानावर राहिलेल्या खड्ड्यांतून चेंडू काढत शिकला, असे आपण लिहिले आहे. त्याने सोळाव्या वर्षी पुण्याची गाडी धरली नसती, तर आज हा प्रश्न आपल्यासमोर आलाच नसता.

आपल्या वडिलांविषयी आपण लिहिलेले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यांनी एकाच गिरणीत एकतीस वर्षे काढली, आणि तरीही एके दिवशी गिरणीच थांबली. त्या पिढीच्या कष्टांविषयी मला नितांत आदर आहे. पण टिकण्याची सगळी भिस्त मालकाच्या दारावर ठेवली, तर काय होते ते आपल्या घराने पाहिले आहे. आणि आपल्या पूर्व भागातील विणकरांची घरे तरी कोठली? तेलंगणातून कामाच्या मागे येथे आलेल्या माणसांनी हातमाग मांडले, म्हणून सोलापूर चादरीचे गाव झाले. ते गाव सोडून आले होते, पण त्यांनी माग सोडला नव्हता. आपल्या मुलानेही सहा वर्षांत खेळ सोडलेला नाही, दिल्लीत चार महिने पगार मिळाला नाही तेव्हासुद्धा. टिकणे या शब्दाचा अर्थ त्याच्या बाबतीत असा घ्यावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

नव्या संघात स्ट्रायकरला सुरुवातीचे दोन-तीन महिने फार कठीण जातात, हेही आपण जाणून घ्यावे, कारण नेमक्या त्याच काळात घरून फोनवर ‘अजून गोल का नाही’ असे विचारले जाते. मधल्या फळीतला खेळाडू चेंडू कधी सोडणार आणि आपण कधी धावायचे, याची जुळणी एकत्र खेळूनच होते. ती होईपर्यंत चेंडू अर्धे पाऊल मागे पडतो किंवा पुढे जातो. शिवाय भाषा बदलते, जेवण बदलते, मैदानाची माती बदलते. भाषेच्या बाबतीत मात्र सोलापूरच्या मुलाला एक लाभ असतो. घरी मराठी, शेजारी कन्नड, अशोक चौकात तेलुगू आणि विजापूर वेशीत उर्दू ऐकत वाढलेला मुलगा परक्या भाषेला बिचकत नाही. केरळमध्ये पहिल्याच हंगामात नऊ गोल झाले, त्यात याचाही वाटा असावा असा माझा तर्क आहे.

आता शिलाँग आणि रेल्वे.

रेल्वेच्या क्रीडा कोट्यात उमेदवाराचे वय अठरा ते पंचवीस असावे लागते आणि त्यात सवलत मिळत नाही, त्यामुळे आपली घाई समजण्यासारखी आहे. अर्ज अवश्य भरावा. अर्ज भरल्याने शिलाँग हातचे जात नाही. मात्र जाहिरातीतील क्रीडा पात्रता नीट वाचावी, कारण तेथे क्लबाकडून केलेले गोल सहसा मोजले जात नाहीत. राज्याकडून संतोष ट्रॉफी किंवा तत्सम मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळल्याची आणि त्यात मिळालेल्या क्रमांकाची प्रमाणपत्रे लागतात. मुलाकडे ती असतील तर त्याने चाचणीला जावे. निवड झाल्यास फुटबॉल सुटेल असेही समजू नये. मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे यांचे संघ मुंबईच्या फुटबॉलमध्ये जुने आणि मानाचे आहेत. फक्त सोलापूर विभागात नेमणूक मिळून मुलगा घरी राहील ही आशा आपल्या मनात असेल, तर ती धरू नये, कारण खेळाडूची नेमणूक बहुधा संघ जेथे सराव करतो तेथे होते.

माझे मत विचाराल, तर या हंगामापुरते ते शिलाँगच्या बाजूचे आहे. त्याचा सर्वांत चांगला हंगाम नुकताच झाला आहे, त्याचे वय चोवीस आहे, आणि स्ट्रायकरची उमेदीची वर्षे आता सुरू होत आहेत. नोकरीचा दुसरा मार्गही पुरता बंद होत नाही. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि तेथील वयोमर्यादा रेल्वेच्या क्रीडा कोट्याइतकी कडक नाही. त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा विभागाकडून आधी करून घ्यावी लागते, आणि हे काम मुलगा सुट्टीत घरी असतानाच उरकावे. रेल्वेचे नियुक्तिपत्र मात्र खरोखरच हाती आले, तर शेवटचा शब्द मुलाचा असावा. धावायचे पाय त्याचे आहेत, आणि त्याच्या वतीने आपण निवड केली तर तिचे ओझे पुढे दोघांनाही वाहावे लागेल.

शिलाँगचा करार सही करण्यापूर्वी ओळ न ओळ वाचावा. दिल्लीचा करार आपण कोणीच वाचला नव्हता, असे आपण प्रांजळपणे लिहिले आहे. पगाराचा आकडा सर्वांत आधी पाहिला जातो, पण मी आधी पगाराची तारीख पाहीन. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या नियमांनुसार दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडू क्लबाला लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत देऊ शकतो, आणि तरीही पैसे मिळाले नाहीत तर त्याला योग्य कारणासह करार संपवता येतो. दिल्लीत चार महिने गप्प बसण्याऐवजी हे पत्र गेले असते, तर निदान बाजू लेखी राहिली असती. त्या थकबाकीचा नाद अजूनही सोडू नये. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या खेळाडूंविषयक समितीकडे अशा तक्रारी जातात, आणि फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना अशा प्रकरणांत मार्ग दाखवते. २००६ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष बायचुंग भुतिया होता. तोही आघाडीचाच खेळाडू, आणि इंग्लंडच्या बरी क्लबापासून मलेशियापर्यंत हिंडलेला. विलंब झाल्यास तक्रारीची मुदत टळू शकते, म्हणून हे काम याच महिन्यात हाती घ्यावे.

एका हंगामाच्या करारात अनेकदा एक कलम असते की क्लबाला वाटल्यास तो करार आणखी एक वर्ष वाढवेल. हा अधिकार एकट्या क्लबाला असेल तर मुलाने आक्षेप घ्यावा. वाढ दोघांच्या संमतीने व्हावी. दुखापत झाल्यास शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या उपचारांचा खर्च कोण करणार, आणि त्या काळात पगार चालू राहणार का, हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला तर मैदानावर परतायला नऊ महिनेही लागतात, म्हणजे एक अख्खा हंगाम जातो. रेल्वेच्या चाचणीला जाण्याची परवानगी आणि शासकीय नियुक्ती मिळाल्यास विनादंड मुक्तता, ही दोन वाक्ये करारात घालून घेता आली तर आपली अर्धी चिंता मिटेल. क्लब कदाचित नकार देईल, पण मागायला हरकत नाही. मध्ये एजंट असेल तर त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे का ते पाहावे आणि त्याच्याशीही लेखी करार असावा. सही झाल्यावर महासंघाच्या नोंदणी प्रणालीत मुलाचे नाव त्या क्लबाकडे चढले की नाही, याची खातरजमा त्याने स्वतः करावी.

एक गोष्ट त्याने क्लबाच्या प्रशिक्षकाला थेट विचारावी : संघात आणखी किती स्ट्रायकर आहेत आणि त्यांत परदेशी किती? दिल्लीची चूक येथेच झाली होती. तेथे पैसे जास्त होते, पण त्याच्या जागेवर आधीच दोघे उभे होते. या वयात मैदानावर मिळणारी मिनिटे पगारापेक्षा अधिक मोलाची आहेत, कारण पुढचा करार त्या मिनिटांवरच ठरतो.

पैशांचे नियोजन मात्र आपण त्याला शिकवावे, कारण महिन्याच्या पगारात घर चालवण्याचा अनुभव आपला आहे. करार बहुधा आठ-दहा महिन्यांचा असतो आणि उरलेले महिने कोरडे जातात, म्हणून हंगामाची रक्कम बारा महिन्यांत विभागून खर्च करावी. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या आयोजकांनी स्पर्धा चालवण्याच्या हक्कांच्या कराराचा प्रश्न सुटेपर्यंत हंगाम स्थगित ठेवला, तेव्हा देशातील नामांकित क्लबांनीही खेळाडूंचे पगार थांबवले होते. वरच्या पायरीवरची ही स्थिती असेल, तर खालच्या पायरीवरच्या खेळाडूने सहा महिन्यांचा खर्च नेहमी बाजूला ठेवलेला बरा. दर वर्षी प्राप्तिकर विवरणपत्र भरावे. उद्या घरासाठी कर्ज मागताना किंवा स्थळाच्या लोकांना उत्पन्न सांगताना तोच पुरावा उपयोगी पडतो. आणि सुट्टीच्या महिन्यांत महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा प्राथमिक, म्हणजे डी परवाना त्याने मिळवावा. पस्तिशीनंतरची उपजीविका त्यातून उभी राहू शकते, आणि सोलापूरच्या मुलांना सात गावांचे फुटबॉल पाहिलेला प्रशिक्षक मिळेल.

स्थळांविषयी थोडेच लिहितो. मागे फिरलेल्या दोघांना समजावण्यात शक्ती घालवू नये. पुढच्या वेळी मुलगा ‘खाजगी नोकरीत आहे’ असे अर्धवट न सांगता तो व्यावसायिक फुटबॉलपटू आहे, त्याचे उत्पन्न हंगामागणिक ठरते आणि लग्नानंतर काही वर्षे गाव बदलत राहावे लागेल, असे पहिल्याच भेटीत सांगावे. हे ऐकूनही जी मुलगी होकार देईल, तिच्याशी संसार सुखाचा होण्याची शक्यता अधिक आहे.

आपल्या पत्रात शेवटी मुलाच्या आईविषयी दोन ओळी होत्या. गाडी सुटताना त्या दर वेळी डोळे पुसतात आणि डब्यात शेंगाचटणी व कडक भाकरी देताना ‘या वेळी तिथेच राहा रे’ असे म्हणतात. हे वाक्य त्यांनी यापुढे म्हणू नये, असे मी सुचवतो. मुलगा ते आपल्यावरचा आरोप म्हणून ऐकत असण्याची शक्यता आहे, आणि राहणे तर त्याच्या एकट्याच्या हाती नाही. त्याऐवजी तेथे संघात कोण कोण आहे, मधल्या फळीतून चेंडू कोण देतो, हे त्यांनी विचारावे. मुले अशा प्रश्नांची उत्तरे फार आनंदाने देतात.

शिलाँगचा करार हाती आला की त्याची प्रत मला पाठवावी. रकमा झाकून पाठवल्या तरी चालेल. मला फक्त कलमे वाचायची आहेत, आणि दिल्लीच्या थकबाकीसंबंधीची कागदपत्रे जपून ठेवली असतील तर तीही सोबत जोडावीत.